दुपारचा कॉम्प्युटर

लोणारात सरोवराकाठच्या पाण्याच्या धारेकडे जाणाऱ्या रस्त्यावरून डावीकडे वळलं की एक जुनी गल्ली लागते. त्या गल्लीत सगळ्यांत लांब दुपार प्रतिमाबाईंची होती. सकाळचं काही नसतं. नळ येतो, दूध येतं, केर निघतो, देव धुऊन होतात. संध्याकाळी शेजारच्या वच्छलाबाई ओट्यावर येऊन बसतात आणि साऱ्या गल्लीची उणीदुणी काढून होईपर्यंत दिवा लावायची वेळ होते. पण जेवणाचं ताट घासून पालथं घातलं, की तिथून चहापर्यंत जे पसरलेलं असतं, त्याला कुठून धरावं तेच कळत नाही. एका माणसाचं ताट घासायला वेळ तरी किती लागणार?

प्रतिमाबाई ही दुपार कॉम्प्युटरपुढे बसून पत्ते खेळण्यात काढत. हे कोणालाही ठाऊक नव्हतं.

कॉम्प्युटर उद्धवरावांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा. एसटी स्टँडजवळ त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. वारसाच्या नोंदीचा अर्ज, रहिवासाचा दाखला, लग्नाची पत्रिका, श्रद्धांजलीचा कागद, जे लागेल ते लोक त्यांच्याकडून टाइप करून नेत. मुलगा सौमित्र शाळेत होता तेव्हा त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला. पुढे सगळे अर्ज मोबाइलवरूनच भरले जाऊ लागले आणि दुकानाला टाळं लागलं. टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर मात्र त्यांनी टेम्पोत मांडीला मांडी लावून घरी आणला आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली मांडला. मोठ्या पोटाचा मॉनिटर, आणि शेजारी उभा डबा. मूळचा पांढरा, आता जुन्या दातासारखा पिवळा पडलेला.

पत्ते त्यांनीच शिकवले. बायको दुकानात मदतीला आली तर बरं, असा त्यांचा विचार होता. "आधी माउसवर हात बसू दे, मंग टायपिंग," असं म्हणून दुकानात बसवून त्यांनी एकट्यानं खेळायचा तो पत्त्यांचा डाव लावून दिला. लालवर काळं, काळ्यावर लाल. प्रतिमाबाईंचा हात बसला, पण तोवर सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि दुकानात जाणं कायमचंच राहिलं. त्या शिकवणीतले पत्ते तेवढे उरले.

हे कोणाला सांगायची सोय नव्हती. जानेफळच्या त्यांच्या माहेरी पत्ते म्हणजे पारावरच्या रिकामटेकड्यांचं काम. थोरल्या भावाच्या खिशात एकदा पत्त्यांचा कॅट सापडला, तर वडिलांनी त्याला पानावरून उठवलं होतं. त्या घरची लेक, तीही नवरा गेलेली, भरदुपारी पत्ते खेळते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हे प्रतिमाबाईंना लोकांआधी ठाऊक होतं. म्हणून खिडकीचा पडदा ओढून त्या बसत.

"काय करून राह्यली वं तू दुपारभर त्या डब्ब्यापुढं?" वच्छलाबाईंनी एकदा विचारलंच.

"यांची कागदपत्रं हायेत त्यात. पाह्यते एकेक."

"एवढी कागदं? माणूस होता का तहसील?"

प्रतिमाबाईंनी नुसतं हसून घेतलं होतं.

सौमित्रनं मागे त्यांच्या मोबाइलवरही पत्ते टाकून दिले होते, सुनेच्या, गार्गीच्या सांगण्यावरून. ती पानं मुंगीएवढी, आणि एक डाव झाला की एक मुलगी कर्ज घ्या म्हणत पडद्यावर उडी मारी. पण खरी अडचण तीही नव्हती. मोबाइलला आवाज नव्हता. या डब्याचं बटण दाबलं की टक् व्हायचं, आणि मग आतला पंखा घुर्रर्र करत फिरू लागायचा. तो आवाज टेबलातून फरशीत आणि फरशीतून तळपायात यायचा. उद्धवराव असताना स्वयंपाकघरात बसून प्रतिमाबाईंना या आवाजावरूनच कळे की माणूस जागेवर आहे, चहाचं आधण ठेवायला हरकत नाही. आवाज थांबला की समजावं, बाहेर निघाले. माणूस जाऊन चार वर्षं होत आली होती, पण कानाला ते कोण समजावणार? दुपारी घुर्रर्र सुरू झालं, की घरातलं काहीतरी जागेवर बसल्यासारखं वाटे.

बिघाड झाला तो दसऱ्याला.

उद्धवराव दर दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करत. मॉनिटरला गंधाचा टिळा, डब्याला झेंडूचं फूल, आपट्याचं पान आणि बटणावर ओल्या कुंकवाचं बोट. "ज्याच्यावर रोज बोट ठेवतो, त्याच्यावरच कुंकू लावावं," असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यावर पहिल्या वर्षी सौमित्र आला होता, त्यानं पूजा केली. मग दोन दसरे तसेच गेले. यंदा प्रतिमाबाईंच्या मनानं घेतलं. रोज ज्याच्याकडून काम घ्यायचं, त्याला सणाच्या दिवशी कोरडं ठेवायचं, हे त्यांना घरातल्या माणसाला उपाशी ठेवण्यासारखं वाटलं.

वच्छलाबाईंना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तू नको लावू बाई कुंकू. माह्या नातवाले पाठवते संध्याकाळी, त्याच्या हातून करून घे." संध्याकाळी नातू फटाके आणायला मेहकरला गेला होता.

मग प्रतिमाबाईंनी दार लोटून घेतलं आणि स्वतःच पूजा केली. कुंकू तुपात कालवलं. इतक्या वर्षांनी कुंकवात बोट बुडवताना हात जरा सैल सुटला असेल. बटणावर चांगला रुपयाएवढा टिळा झाला. फूल ठेवलं, हात जोडले, आणि तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "सौमित्रची आई, सोनं घ्या सोनं."

प्रतिमाबाईंनी जवळचं फडकं तांब्यात बुडवलं आणि बटणावरून खसाखसा फिरवलं. फूल पदराखाली लपवलं. दार उघडलं तेव्हा बटण स्वच्छ होतं. वच्छलाबाईंनी आपट्याची पानं हातात दिली, टेबलाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "राह्यली वाटते पूजा. नातू मोठा लबाड हाये."

"राह्यली," प्रतिमाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटण दाबलं तर टक् झालं नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू केला, तर पंखा क्षणभर घुरघुरला, समोरचा हिरवा दिवा लागला आणि दोन्ही विझले. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. एखाद्यानं दारातून डोकावून काही न बोलता निघून जावं तसं.

दोन-तीन दिवस त्या नुसत्या भिंतीवरचा स्विच दाबत राहिल्या. तो क्षणभराचा आवाज ऐकायचा, थांबायचं, परत दाबायचं. मग एका रविवारी त्यांनी पुण्याला सौमित्रला फोन केला.

व्हिडिओ कॉलवर सौमित्र म्हणाला, "मागची वायर दाब. आई, मला छत दिसतंय. फोन खाली कर."

"केला."

"आता तुझा पाय दिसतोय. वायर कुठंय?"

वायर दाबून झाली. दुसऱ्या सॉकेटला लावून झाली. मॉनिटरची वायर काढून पुन्हा बसवून झाली. सौमित्रच्या मागे कोणीतरी मिक्सर लावला होता आणि तो दर वाक्याला मागे वळून बघत होता.

"आई, सोड ना तो. म्युझियममध्ये ठेवायच्या लायकीचा झालाय. मी तुला एक टॅब पाठवतो. एवढं काय आहे त्यात?"

प्रतिमाबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "तुह्या बाबांची कागदपत्रं."

सौमित्र एकदम गंभीर झाला. मिक्सर बंद करायला सांगितलं. "कसली कागदपत्रं? घराची?"

"असतील. मले काय समजते."

"मग तर डेटा वाचवायलाच हवा. तू हात लावू नकोस. मी प्रसेनजितला पाठवतो."

प्रसेनजित त्याचा शाळेतला मित्र. मेहकरला त्याचं मोबाइल आणि कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. आठवड्याभरात तो मोटरसायकलवर आला. चपला बाहेर काढून आत आला, पाणी प्याला आणि म्हणाला, "काकू, हे मॉडेल पाहून लय वर्षं झाले. यावरच तर आम्ही गाड्यांची रेस खेळो. काका दुकानाच्या मागच्या दारानं घेत आम्हाले."

प्रतिमाबाईंना हे नवीन होतं. यजमान मुलांना खेळू देत, आणि घरी येऊन कधी बोलले नाहीत. त्यांना एकदम वाटून गेलं, या मुलाला सांगावं, मीही खेळते म्हणून. पण वच्छलाबाई उंबऱ्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. दारात मोटरसायकल आली की त्यांना शेंगा आठवत.

प्रसेनजितनं डब्याची बाजू उघडली. आतून धुळीचा लगदा निघाला, आणि त्यात एक वाळून कोळ झालेलं आपट्याचं पान. त्यानं ते चिमटीत धरलं. "हे काय काकू?"

"सोनं," प्रतिमाबाई म्हणाल्या आणि पान मागून घेतलं.

त्यानं वायरचा एक तुकडा लावून पाहिला, पंखा फिरला. "सप्लाय चांगला हाये." मग सगळं जोडून भिंतीवरचा स्विच दाबला. घुर्रर्र, आणि गप्प. त्यानं पुढून बटणावर बोट दाबलं, मान वाकडी केली. "काकू, यावर काही सांडलं तं नाही न? चहा, पाणी?"

उंबऱ्यावरचा शेंगांचा आवाज थांबला.

"नाही बा," प्रतिमाबाई म्हणाल्या. "काय सांडणार? मी एकटी तं असते."

"मंग बोर्डच गेला. झटका देते अन् बसते. असा बोर्ड आता कोठीच नाही भेटत." त्यानं आतून वहीएवढीही नसलेली एक जड लोखंडी डबी सोडवून हातात घेतली. "टेन्शन नका घेऊ. तुमचं सगळं याच्यात हाये. हे वाचलं म्हंजे सगळं वाचलं. पुण्याच्या ट्रॅव्हल्सनं पाठवून देतो सौमित्रले."

प्रतिमाबाईंनी डबीकडे पाहिलं. सगळं याच्यात असेल, तर आवाज कुठे असेल, असं त्यांच्या मनात आलं. पण हे विचारायचं कसं?

"हे नेलं तर बाकीचं चालू होते का कधी?"

"बाकीचं काय काकू, खोका हाये."

"मंग दे भंगारात," वच्छलाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या. "टेबलाची जागा होईन. गव्हाची कोठी बसते तिथं."

प्रसेनजित चहा घेऊन गेला. भंगारवाला गल्लीतून ओरडत जाई तेव्हा वच्छलाबाई आठवण करत आणि प्रतिमाबाई म्हणत, पुढच्या खेपेला. दुपारी त्या पडद्याआड खुर्चीवर बसत आणि काही न करता उठत. मग त्यांनी पडदा ओढणंही सोडलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिवाळीला सौमित्र येणार होता, तो आला नाही. गार्गीला रजा नव्हती. हुरड्याच्या वेळी नक्की, असं ठरलं. मग प्रतिमाबाईंनी फराळाचं पार्सल करायला घेतलं. एकटीसाठी काय तळायचं, पण पुण्याला जायचं म्हटल्यावर हात चालला. शंकरपाळ्यांसाठी दूध-साखर उकळायला ठेवली होती. बाहेर दाराशी कोणी पर्यटक सरोवराचा रस्ता विचारायला आला, त्याला सांगून येईस्तोवर ती उतू जाऊन शेगडीभर झाली. पुसून काढली, पण दुसऱ्या दिवशी गॅसची कळ दाबलेल्या जागीच अडकून बसली. ना आत जाते, ना बाहेर येते.

ही दुरुस्ती प्रतिमाबाईंनी आयुष्यभर केली होती. त्यांनी केसातला आकडा काढला, कळीच्या फटीतून फिरवला, खोबरेल तेलात बुडवलेली फुलवात आत घातली, जरा वेळ दिला, मग कळ दोन बोटांनी हलवली. साखरेची करकर झाली आणि कळ टक् करून बाहेर आली.

त्या आवाजानं प्रतिमाबाई आकडा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग गॅस बंद करून पुढच्या खोलीत गेल्या.

चष्मा लावून, डब्यापुढे फरशीवर बसून त्यांनी बटण पाहिलं. ते बाहेर नव्हतंच. दसऱ्यापासून ते आत दबूनच बसलं होतं. कॉम्प्युटर अडला की उद्धवराव हेच बटण दाबून धरून तो बंद करत, तसं. वरून स्वच्छ, आणि कडेच्या फटीत एक बारीक, काळपट लाल रेघ. फडक्यानं पुसलं तेव्हा कुंकू गेलं नव्हतं. तूप आणि पाण्याबरोबर आत उतरून वाळलं होतं.

शिलाई मशीनचं तेल, फुलवाती आणि आकडा घेऊन त्या बसल्या. दार उघडंच होतं. कोणी आलं तर येवो, असं ठरवून नव्हे, उठून लावायचं सुचलंच नाही. आकड्यानं खरवडलं की लाल भुगा पडे, फुलवात फिरवली की ती लाल होऊन येई. एकेक फुलवात त्या ताटलीत ठेवत गेल्या. उद्धवराव गेले त्या दिवशी कपाळाचं दुसऱ्यांनी पुसलं होतं, दोन बोटांत काम झालं होतं. याला मात्र वेळ लागत होता.

वच्छलाबाई वाटी घेऊन आल्या आणि दारात थबकल्या. ताटलीकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, प्रतिमाबाईंच्या लाल बोटांकडे पाहिलं.

"तूच केली होती तं पूजा."

"हाव."

वच्छलाबाईंनी हातातली वाटी पुढे केली. "साखर पाहिजे होती वाटीभर," त्या म्हणाल्या.

"डब्यात हाये. घ्या तुम्हीच, माहे हात भरले."

साखर घेऊन त्या गेल्या. त्यानंतर बऱ्याच वेळानं बटण बोटाखाली हललं. प्रतिमाबाईंनी तेलाचा आणखी एक थेंब सोडला, दाबलं, सोडलं. टक्.

त्यांनी भिंतीवरचा स्विच लावला. घुरघुर नाही, काहीच नाही. मग बटणावर बोट ठेवून दाबलं. पंखा फिरू लागला. क्षण गेला, दुसरा गेला. पंखा फिरतच राहिला. आवाज टेबलातून फरशीत आला, फरशीतून मांडीत. मॉनिटर जागा झाला.

त्या उठून खुर्चीवर बसल्या, पडदा ओढला, माउसवर हात ठेवला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली आणि खाली एक रेघ लुकलुकू लागली. माउस फिरवून काही हललं नाही. इंग्रजी त्यांना लावून लावून वाचता येई. जे हवं ते सापडत नाही, एवढं कळलं, आणि तेव्हा आठवलं की ती लोखंडी डबी आत नाही.

त्या सौमित्रला दुपारी कधी फोन करत नसत. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. "आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी हाये. ती डबी हाये न तुह्याजवळ, कॉम्प्युटरमधली? हुरड्याले येशील तेव्हा घेऊन ये."

"हार्ड डिस्क? अगं, ती नाही आता. सगळं कॉपी करून घेतलं आणि ऑफिसात जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करत होते, त्यात देऊन टाकली. आणि तुला सांगणारच होतो, तसलं काही नव्हतं त्यात. लोकांचे अर्ज आणि पत्रिका. घराचं काहीच नाही. तू म्हणाली होतीस ना कागदपत्रं आहेत?"

"नव्हती कागदपत्रं."

"मग?"

प्रतिमाबाईंनी लुकलुकणाऱ्या रेघेकडे पाहिलं. "मी पत्ते खेळत होती त्यावर. दुपारी."

तिकडून ऑफिसातले लोक बोलताना ऐकू येत होते.

"रोज?" सौमित्रनं विचारलं.

"रोज."

"आई, मले सांगायचं न मंग आधी."

"हाव. सांगायचं होतं."

मग सौमित्र म्हणाला, "मागं कसला आवाज येऊन राह्यला?"

"चालू झाला तो. बटण अटकलं होतं."

"पण आई, त्याच्यात आता काहीच नाही. पत्ते नाहीत, काही नाही. काय करशील त्याचं?"

"चालू ठेवीन," प्रतिमाबाई म्हणाल्या.

मीटिंग होती म्हणून त्यानं संध्याकाळी करतो सांगून फोन ठेवला. प्रतिमाबाईंनी ताटलीतल्या लाल फुलवाती तुळशीत टाकल्या, हात धुतले आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथंही आवाज येत होता. त्यांनी चहाचं आधण ठेवलं.